झाडाची पलीकडची बाजू

खार माणसाला बघून लांब पळत नाही. ती झाडाच्या पलीकडच्या बाजूला जाते, एवढंच. तुम्ही डावीकडून वळसा घातलात की ती उजवीकडे सरकते, तुम्ही थांबलात की तीही थांबते. मध्ये कायम बुंधा. एकट्या माणसाला हे कोडं सुटत नाही, दोघांना मात्र चुटकीसरशी सुटतं. एकाने बंदूक घेऊन बसून राहायचं, दुसऱ्याने पाचोळा तुडवत झाडाच्या मागे जायचं. चालणाऱ्यापासून लपता लपता खार आपणहून बसलेल्याच्या समोर येते.

अमेरिकेत, केंटकीच्या पूर्वेकडच्या डोंगरांत, एका घरी ही कामं वाटून दिलेली होती. बसायचं पपॉने, चालायचं नातवाने. पपॉ म्हणजे आजोबा आणि ममॉ म्हणजे आजी. त्या मुलखात आजी-आजोबांना अशीच हाक मारतात. नातू सात वर्षांचा असल्यापासून चालत होता. पपॉ कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेला. छातीत खाणीची धूळ बसलेली, त्यामुळे चढावर दर वीस पावलांना थांबायचा आणि थांबलाय हे कळू नये म्हणून झाडांकडे बघायचा. पोराची पक्की समजूत होती, की आपण नसलो तर म्हाताऱ्याला एकही खार मिळायची नाही.

खारीची शिकार म्हटल्यावर आपल्याकडचा वाचक जरा दचकेल. आपली खार ओंजळीत मावणारी, पाठीवर रामाची बोटं घेऊन फिरणारी. तिला मारणं सोडा, हाकलतानाही कुणी दगड उचलत नाही. तिकडची करडी खार अर्धा किलोची, तिची तांबूस बहीण किलोपर्यंत जाणारी. वसाहतींच्या काळात या खारींनी मक्याची शेतं इतकी फस्त केली की पेनसिल्व्हेनियाच्या सरकारने खारीमागे तीन पेन्स बक्षीस लावलं. १७४९ या एका वर्षात त्यापायी तिजोरीतून ८,००० पौंड गेले. हिशेब करून बघा, ६,४०,००० खारी होतात. आता बक्षीस नाही, परवाना आहे. केंटकीत ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी हंगाम उघडतो आणि माणशी दिवसाला सहा खारी मारता येतात. सातवी नाही.

या सहाच्या आकड्यावरून पोराच्या डोक्यात एक गोष्ट अडकून राहिली होती. तेव्हा तो दहा वर्षांचा होता. ऑक्टोबरची संध्याकाळ, पिशवीत पाच खारी, अजून तासभर उजेड आणि समोरच्या हिकरीच्या झाडावर एक खार निवांत शेपूट झटकत बसलेली. पपॉने बंदुकीतून काडतूस काढलं, खिशात टाकलं आणि गुडघ्यावर हात देऊन उठला.

‘‘पपॉ, अजून एक चालते ना? सहा चालतात.’’

‘‘झाल्या सहा.’’

पोराने पिशवी पाचोळ्यावर उलटी केली आणि एकेक शेपूट धरून पाच मोजून दाखवल्या. तोवर म्हातारा उताराला लागला होता. घरी आल्यावर पोराने ममॉच्या कानाशी लागून सांगितलं, की पपॉला आता आकडे जमत नाहीत. ती रश्शात पीठ कालवत होती. ‘‘मोजण्यात तो चुकत नाही,’’ म्हणाली आणि पुढे कालवत राहिली.

पुढे पोरगा मोठा झाला, लुइव्हिलला एका गोदामात रात्रपाळीला लागला, शिकार सुटली. तो तेवीस वर्षांचा असताना फेब्रुवारीत पपॉ गेला. उन्हाळ्यात गोदामही बंद पडलं. पोरगा सामानाच्या दोन पिशव्या घेऊन ममॉकडे राहायला आला आणि ऑगस्टचा तिसरा शनिवार जवळ आला, तसं त्याला करमेनासं झालं.

ममॉने कपाटातून तीन वस्तू काढून टेबलावर ठेवल्या. पपॉची पॉइंट टू-टूची रायफल, त्याचं खिशाखिशांचं जाकीट आणि एक जाड वही. वहीत तारीख, जागा आणि आकडा, एवढंच. तीस-पस्तीस वर्षांचं. काही आकड्यांपुढे पेन्सिलीने छोटे गोल काढलेले होते. पोराने पानं चाळली आणि वही मिटली.

‘‘ती छऱ्याची बंदूक ने,’’ ममॉ म्हणाली. ‘‘अजून पानं दाट आहेत. आणि छरे लांब जात नाहीत.’’

त्याने रायफल उचलली. पपॉ तीच नेत असे.

‘‘बरं. पण या कागदावर लिहून जायचं.’’ तिने फ्रिजच्या दारावर कागद चिकटवला होता. ‘‘कुठल्या हॉलरमध्ये जातोस आणि किती वाजेपर्यंत येतोस.’’ डोंगरांमधल्या अरुंद घळीला तिकडे हॉलर म्हणतात. तिथे फोन लागत नाही.

‘‘ममॉ, मी खार मारायला चाललोय, अस्वल नाही.’’

‘‘घोटा मुरगळायला अस्वल लागत नाही.’’

एकट्याने जंगलात जाणाऱ्यासाठी सुरक्षिततेची पुस्तकं भरपूर निघाली आहेत. त्या बाईच्या या एका वाक्यात त्यातलं बरंचसं येतं, असं माझं मत आहे.

पहिल्या दिवसाचं वर्णन लांबवण्यात अर्थ नाही. गोदामात आठ तासांत दहा-बारा मैल चालायची सवय लागलेला माणूस जंगलातही तसाच चालला. पाचोळा असा वाजत होता, की पाऊण मैलावरच्या खारींना बातमी आधी पोचत असावी. एक दिसली. ती बुंध्यामागे गेली. तो मागे गेला, ती पुढे आली. तो धावत पुढे आला, ती मागे. वडाला सात फेऱ्या घालून बायका निदान पुण्य घेऊन घरी जातात. हा ओकाला अकरा घालून रिकाम्या हाताने आला. जाता जाता ती खार वरून कुक्-कुक् करून त्याला दम देत होती, ते वेगळंच.

वहीत त्याने शून्य लिहिलं. ममॉने विचारलं नाही.

रात्री जाकिटाचे खिसे रिकामे करताना हाताला एक गुंडाळी लागली. हिरवट, मेणकट सुतळी, वीस-पंचवीस हात असेल. वापरून वापरून मऊ झालेली, एका टोकाला फास.

‘‘हे काय?’’

ममॉने चष्मा वर केला. ‘‘तुझ्या पपॉचा गडी.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘झुडपाला बांधायची, झाडाच्या पलीकडे. दुसरं टोक हातात धरून इकडे येऊन बसायचं. खार पलीकडे गेली की हळूच ओढायची. झुडूप हललं की तिला वाटतं, त्या बाजूला कुणीतरी आहे. येते इकडे.’’

पोरगा सुतळी हातात घेऊन उभा राहिला. मग त्याने वही पुन्हा उघडली. त्याच्या जन्माच्या आधीची पानं. चार, सहा, तीन, सहा, पाच. सगळी एकट्याने.

‘‘मग मला कशाला न्यायचा?’’

‘‘ते तूच ठरव,’’ ममॉ म्हणाली. ‘‘दिवा बंद कर झोपताना.’’

सप्टेंबर लागला तसे त्या डोंगरातले हिकरी पिकले. हिकरी हे अक्रोडाच्या कुळातलं झाड. त्याच्या काही जातींची साल लांब पट्ट्यांनी सुटून लोंबते, जुन्या वाड्याच्या भिंतीवरचा रंग सुटावा तशी. खार वर बसून फळ कुरतडते आणि टरफलांचा भुगा खाली पडतो. वारा नसताना, पाऊस नसताना पानांवर टपटप ऐकू आलं की वर पंगत बसली आहे असं समजायचं. हे ममॉने सांगितलं. ती स्वतः कधी बंदूक घेऊन गेली नव्हती, पण पन्नास वर्षं शिकाऱ्याच्या घरात वावरलेल्या बाईला काय माहीत नसतं? तिनेच सांगितलं, की चालायचं कमी आणि बसायचं जास्त. आपल्या खांद्यांपेक्षा रुंद बुंधा बघायचा, त्याला पाठ लावायची. म्हणजे आपला आकार दिसत नाही, आणि मागून दुसरा कुणी शिकारी आला तर पाठ झाकलेली राहते. बसल्यावर वीस मिनिटं काहीही करायचं नाही. ही वीस मिनिटं जंगलाला तुम्हाला विसरण्यासाठी द्यायची असतात.

त्याने उजाडायच्या आधी जाऊन हिकरीखालचा ताजा भुगा हाताने चाचपला. ओलसर, हिरवट, म्हणजे कालचाच. पलीकडच्या झुडपाला सुतळी बांधली, इकडे येऊन बीचच्या एका जाड झाडाला पाठ लावली आणि बसला.

पहिली पाच मिनिटं त्याला स्वतःचाच श्वास ऐकू येत होता. मग एक सुतारपक्षी. मग पायाजवळून एक पट्टेरी चिपमंक गेला, बुटाला वळसा घालून, बूट म्हणजे दगडच असावा तसा. या बसण्याला काही नाव असेल तर त्याला माहीत नव्हतं. पपॉ तासन्‌तास असा बसायचा, तेव्हा पोराला वाटायचं म्हाताऱ्याला दम लागलाय.

टपटप सुरू झाली.

खार त्याला दिसायच्या आधी तिला तो दिसला असावा, कारण ती अर्धवट उतरली आणि बुंध्यामागे गेली. त्याने सुतळी ओढली. झुडूप थरारलं. क्षणभर काही नाही. मग बुंध्याच्या कडेने आधी कान, मग डोळा, मग अख्खी खार त्याच्या बाजूला आली आणि सालीला चिकटून पलीकडच्या शत्रूचा अंदाज घेत राहिली. मागे दोन हात रुंदीचा बुंधा. त्याने नळीवरची माशी डोक्यावर धरली आणि चाप दाबला.

तो उठला नाही. पडलेली जागा मनात धरून बसून राहिला. पॉइंट टू-टूचा आवाज लहान असतो. पंधरा-वीस मिनिटांत पंगत पुन्हा बसते. दुसरीही मिळाली. वहीत दोन लिहिलं. पुढच्या शनिवारी चार. एकदा सहा.

त्या जंगलाच्या बऱ्याच भागाला डॅनियल बून या जुन्या काळच्या नावाजलेल्या शिकाऱ्याचं नाव आहे. १९६६ साली सरकारने त्या राष्ट्रीय वनाचं नाव बदलून ते ठेवलं. पक्ष्यांची चित्रं काढणाऱ्या ऑड्युबॉनने, आपण बूनला भेटलो असं सांगून, लिहून ठेवलंय, की बून खारीला गोळी मारतच नसे. ती बसलेल्या फांदीच्या सालीवर मारायचा आणि नुसत्या हादऱ्याने खार मरून पडायची, अंगावर ओरखडा नाही. इतिहासकारांना ही भेट खरी वाटत नाही. पपॉला विचारलं तर म्हणायचा, चित्रकार होता ना तो. पण तेवीस वर्षांच्या पोराला लागोपाठ चार शनिवार यश आलं की त्याला बूनच्या गोष्टी खऱ्या वाटायला लागतात. ऑक्टोबरच्या शेवटी त्याचं तसं झालं होतं. सुतळी तो घरीच ठेवायला लागला होता.

त्या दिवशी दोन खारी लवकर मिळाल्या आणि मग नऊ वाजेपर्यंत काही नाही. पानं गळली होती, धार मोकळी दिसत होती. तो चढावर निम्म्यात उभा होता. वर, धारेवरच्या हिकरीच्या टोकाच्या फांदीवर, एक भली मोठी खार बसलेली होती. बुंध्याजवळ नाही, पार कडेला. सूर्य बाजूने येत होता आणि शेपटीचा केस न् केस दिसत होता. मागे निळं आभाळ.

बाराव्या वर्षी त्याने शिकाऱ्यांच्या शिबिरात परीक्षा दिली होती. त्याशिवाय केंटकीत शिकाऱ्याचं नारिंगी कार्ड मिळत नाही. त्यात प्रश्न होता, चाप दाबण्याआधी काय बघायचं. लक्ष्य आणि लक्ष्याच्या मागे काय आहे ते, हे उत्तर त्याने बरोबर लिहिलं होतं. काडतुसांच्या डबीवर इशाराही छापलेला असतो, की ही एवढीशी गोळी मैलाहून लांब जाऊ शकते. हे सगळं त्याला पाठ होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं.

त्याने बार काढला.

खार उडाल्यासारखी झाली, सावरली, फांदीवरून वेडीवाकडी धावत बुंध्याकडे आली आणि शेजारच्या पोकळ बीचच्या ढोलीत शिरली. शेपूट आत जाताना लोंबत होती.

तो वर पोचला. पाचोळ्यात करड्या केसांचा पुंजका होता आणि एका पिवळ्या पानावर रक्ताचा थेंब, बाजरीच्या दाण्याएवढा. ढोली तीस हात उंचीवर. झाडाला खालून फांदी नाही. तो खाली बसला. वीस मिनिटं, मग अजून वीस. एकदा आतून खरवडल्याचा आवाज आला, मग तोही नाही. बाहेर काही आलं नाही.

आणि तिथे बसल्या बसल्या त्याच्या लक्षात आलं, की खारीच्या अंगातून गेलेली गोळी कुठेतरी गेली असणार. तो धारेच्या त्या बाजूला कधी गेला नव्हता. धारेपलीकडे काय आहे हे त्याला तेवीस वर्षांत बघावंसं वाटलं नव्हतं. त्याने रायफल रिकामी केली, बोल्ट उघडा ठेवला आणि पलीकडे उतरायला लागला.

खाली एक घर होतं. पत्र्याचं छप्पर, अंगणात धूर, माणसं. ऑक्टोबरात त्या भागात सफरचंदं आटवून ॲपल बटर करतात. मोठ्या तांब्याच्या काहिलीत, उघड्यावर, दिवसभर. आपल्याकडे गुऱ्हाळावर जमतात तशी तिथे आठ-दहा माणसं काहिलीभोवती जमली होती. एक माणूस लांब दांड्याच्या लाकडी उलथण्याने ढवळत होता. झाडाला टायर बांधून केलेल्या झोक्यावर दोन पोरं होती.

‘‘मघाचा बार तुझा?’’ ढवळणाऱ्याने हसून विचारलं.

‘‘हो.’’

‘‘मिळाली का?’’

हो किंवा नाही म्हणून भागलं असतं. ‘‘फांदीवर होती,’’ तो म्हणाला. ‘‘मागे आभाळ होतं. या बाजूला.’’

माणसाचा हात थांबला. काहिलीतलं ढवळणं थांबवायचं नसतं, तळाला लागतं. शेजारच्या बाईने पटकन दांडा आपल्याकडे घेतला. माणूस धारेकडे बघत राहिला. मग छपराकडे. मग झोक्याकडे.

‘‘पोरांनो, आत जा.’’

‘‘का?’’

‘‘जा म्हटलं ना.’’

बार होऊन तासाहून जास्त झाला होता. पोरं कुरकुरत आत गेली, दार वाजलं. कुणी त्याला रागावलं नाही. दांडा धरलेल्या बाईने दुसऱ्या कुणाला तरी खूण केली आणि त्याच्या हातात गरम ॲपल बटर लावलेला पाव आला. तिथे पाहुण्याला तसंच पाठवत नाहीत. त्याने तो उभ्यानेच खाल्ला. प्रत्येक घास गिळताना घशाशी येत होता. मग त्याने आभार मानले आणि धार चढायला लागला.

फ्रिजवरच्या कागदावर अकरा लिहिलं होतं. तो घरी आला तेव्हा एक वाजत होता. ममॉ पायात बूट घालून, काठी आणि फोन घेऊन पायरीवर बसली होती. त्याच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघून तिने बूट काढले.

‘‘दोनच?’’

‘‘दोन.’’

खारी तिने स्वतः सोलल्या. शेपटीच्या मुळाशी खालून चीर द्यायची, शेपटीवर पाय ठेवायचा आणि मागचे पाय धरून वर ओढायचं. कातडं सदरा काढावा तसं निघून येतं. मग मिठाच्या पाण्यात ठेवून, पिठात घोळवून, तळून, त्याच तव्यात पांढरा रस्सा. तो ओट्याला टेकून बघत होता. धारेपलीकडच्या घराचं त्याने सगळं सांगितलं. तिने ऐकलं.

मग त्याने वही काढली. आजचं पान उघडायच्या ऐवजी तो मागे मागे गेला, तेरा वर्षं, त्या ऑक्टोबरापर्यंत. पपॉचं तिरकं अक्षर. तारीख, जागा आणि ६. सहाच्या पुढे पेन्सिलीचा छोटा गोल.

त्याने अजून मागची पानं उलटली. तीस-पस्तीस वर्षांत तसे गोल नऊ होते.

‘‘ममॉ, हे गोल कसले?’’

ती बिस्किटांचं पीठ थापत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘ढोली.’’

त्याने पेन्सिल घेतली. तारीख लिहिली, जागा लिहिली. पिशवीत दोनच आल्या होत्या. त्याने तीन लिहिलं आणि पुढे एक छोटा गोल काढला.